रिकामा गळ आणि उचललेला मेघ

शास्त्रपाठ : गणना ९:१५-२३, लूक ५:१-११



शुभवर्तमानांत जाळ्यांचा उल्लेख अनेकदा येतो, गळाचा मात्र एकदाच. कफर्णहूम येथे मंदिराच्या कराचा प्रश्न निघाला, तेव्हा प्रभूने पेत्राला समुद्राकडे जाऊन गळ टाकावयास सांगितले (मत्तय १७:२४-२७). काठावर उभे राहून गळ टाकणाऱ्यापुढे एक प्रश्न सदैव असतो : मासा लागत नाही, आता येथेच थांबावे की जागा बदलावी?

ब्रिटन व आयर्लंडच्या किनाऱ्यांवर बास नावाचा मासा धरणाऱ्यांना हा प्रश्न चांगला परिचयाचा आहे. बास हा रुपेरी, चपळ समुद्री मासा. आपल्या कोकणातील जिताड्यालाही इंग्रजीत ‘आशियाई सी बास’ म्हणतात, परंतु त्याचे कूळ वेगळे. बास फार सावकाश वाढतो. मादी अंडी घालण्याजोगी होण्यास साधारणतः सहा-सात वर्षे लागतात. म्हणूनच २०१५ साली युरोपीय संघाने धरावयाच्या बासची किमान लांबी ३६ सेंटिमीटरांवरून ४२ सेंटिमीटरांवर नेली. खेकडे, कोळंबी व लहान मासळी यांच्या शोधात हा मासा भरतीबरोबर किनाऱ्याच्या अगदी जवळ, कित्येकदा गुडघाभर पाण्यात येतो आणि पाणी ओसरू लागले की परततो.

आता त्या किनाऱ्यावरील दोन माणसे डोळ्यांपुढे आणा. एकाचा गळ पाण्यात पडून थोडा वेळ होतो न होतो, तोच तो उठतो आणि दुसऱ्या खडकावर जातो, तेथून तिसऱ्या. दिवसाचा बराच भाग त्याचा गळ पाण्याबाहेरच असतो. दुसरा, गेल्या वर्षी जेथे मोठा मासा मिळाला तेथेच बसून राहतो. वाळू सरकली, घळ बुजली, पाणी ओसरले, तरी तो हलत नाही आणि आपल्या हट्टाला धीर म्हणतो. दोघांपैकी एकानेही पाण्याकडे नीट पाहिलेले नाही.

जाणता मासेमार ओहोटीच्या वेळी येऊन उघडा पडलेला किनारा पायी फिरतो. वाळूत घळी कोठे आहेत, खडकांमधून पाणी कोठून आत शिरेल, हे तो पाहून ठेवतो. मग स्वतःला विचारतो : या जागी मासा का यावा? भरतीच्या कोणत्या घटकेला यावा? ती घटका यावयाची आहे की होऊन गेली? यावयाची असेल, तर तो थांबतो. होऊन गेली असेल, तर निघतो. गळ रिकामा आहे एवढ्यावरून तो काहीच ठरवीत नाही.

प्रिय वाचकहो, तुमच्यापैकी कोणाच्या हाती आज बदलीचा हुकूम असेल. कोणी महाराष्ट्रापासून दूर, जेथे मराठी उपासना नाही अशा शहरी एकटेच मराठी पवित्र शास्त्र वाचीत असतील आणि गावी परतावे काय, असा विचार करीत असतील. कोणी लहान मंडळीचे पाळक थकून गेले असतील. तुमच्यासाठी मी माझी एक चूक सांगतो.

तरुणपणी मी एका लहान मंडळीत तीन वर्षे सेवा केली. रविवारी वीस-बावीस माणसे येत, आठवड्याच्या प्रार्थनेला चौघे. मी कंटाळलो, परंतु मंडळीला सांगितले की, प्रभूने मला दुसरीकडे बोलाविले आहे. खरे म्हणजे मी प्रभूला विचारलेच नव्हते. रिकाम्या बाकांना विचारले होते. माझ्यानंतर आलेल्या पाळकांच्या काळात ज्या तरुणांनी प्रभूला जीवन दिले, त्यांतील दोघे माझ्याच संडे स्कूलमधील मुलगे होते. भरती यावयाची होती आणि मी ओहोटीतच गळ गुंडाळला होता. पेरणारा व कापणारा यांनी एकत्र आनंद करावा अशी प्रभूची इच्छा आहे (योहान ४:३६), म्हणून मला त्यांचा आनंदच आहे. परंतु मी आपला थकवा प्रभूच्या नावाखाली झाकला, याची क्षमा मला मागावी लागली.

आता शिमोनाकडे पाहा. रात्रभर कष्ट करून त्याची जाळी रिकामी होती. तरीही प्रभूने त्याला दुसऱ्या सरोवरावर पाठविले नाही. तेच सरोवर, तीच होडी, तीच जाळी. आज्ञा एवढीच की, खोल पाण्यात जा. बास धरणारे नवखे लोक पुष्कळदा सारा जोर लावून गळ दूर फेकतात, आणि मासा मात्र त्यांच्या पायांजवळच्या फेसाळ पाण्यात फिरत असतो. आपणही गाव सोडण्यापूर्वी शेजाऱ्याचे दार ठोठावले आहे काय?

याच प्रसंगाचा शेवट लक्षात घ्या. ज्या दिवशी होड्या मासळीने भरल्या, त्याच दिवशी शिमोन व त्याचे सोबती सर्वस्व सोडून प्रभूच्या मागे निघाले (लूक ५:११). जाळी रिकामी असताना प्रभूने त्यांना तेथेच कामाला लावले आणि भरल्यावर तेथून उठविले. म्हणून निष्फळता हे निघण्याचे पुरेसे कारण नाही, आणि भरभराट हे राहण्याचे पुरेसे कारण नाही. रानात मेघ निवासमंडपावर दोन दिवस राहो की महिनाभर, तो राही तोवर इस्राएल लोक तळ देऊन राहात आणि तो वर उचलला गेला म्हणजे कूच करीत (गणना ९:२२). किती चाललो वा किती थांबलो, याचा हिशेब त्यांच्याकडून मागितला नव्हता. दृष्टी मेघाकडे असावी, एवढेच मागितले होते.

एक इशारा मात्र द्यावयास हवा. खडकावर उभ्या असलेल्या मासेमाराच्या पाठीमागून भरतीचे पाणी शिरते व परतीची वाट बंद होते. तेथे आणखी एका माशाच्या आशेने थांबणे म्हणजे जीव घालविणे. जेथे लाच, व्यसन किंवा व्यभिचार यांचे पाणी तुमच्या मागे चढत आहे, तेथे थांबावे की निघावे असा प्रश्नच उरत नाही. योसेफ आपले वस्त्र तेथेच टाकून पळाला (उत्पत्ती ३९:१२).

इतर प्रसंगी मात्र घाई करू नका. एका कागदावर राहण्याची कारणे लिहा, दुसऱ्यावर जाण्याची. ज्या कारणापुढे कंटाळा, भय किंवा लोभ असे प्रामाणिकपणे लिहावे लागेल, ते तसेच लिहा. दोन्ही कागद एखाद्या अनुभवी विश्वासणाऱ्याला दाखवा. मग ते प्रभूपुढे ठेवून, उत्तर कोणतेही आले तरी पाळीन, असे आधी म्हणा आणि नंतरच विचारा.

हे प्रभो, रिकाम्या गळामुळे आम्ही पळू नये आणि भरलेल्या जाळ्यामुळे बांधले जाऊ नये. तू थांब म्हणशील तेथे आम्हांस धीर दे, ऊठ म्हणशील तेव्हा पायांस बळ दे. आमेन.