'मॅन' म्हणजे कोण?

इंग्रजीत 'मॅन' म्हणजे पुरुष आणि 'मॅन' म्हणजेच माणूस. 'ही' या सर्वनामाचेही तसेच. मराठी कानाला 'ही' म्हणजे बाई वाटते, तो भाग वेगळा. इंग्रजीत तो पुरुष आहे, आणि त्यात स्त्री धरलेलीच असते असे व्याकरणकार सांगत आले. पण धरतो कोण, हा आमचा प्रश्न आहे.

ब्रिटिश पार्लमेंटने १८५० साली ठरवून टाकले, की कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत, स्पष्टपणे वेगळे सांगितलेले नसेल तर, स्त्रियाही येतात. पुढे १८६७ साली मताधिकार वाढवणारा कायदा आला. त्याच्या मसुद्यात 'मॅन'ऐवजी 'पर्सन' घाला, अशी दुरुस्ती जॉन स्टुअर्ट मिल यांनी मांडली. ती १९६ विरुद्ध ७३ मतांनी पडली. तेव्हा मँचेस्टरच्या ५,३४६ स्त्रियांनी १८५०च्या कायद्यावर बोट ठेवून मतदार यादीत नाव मागितले. १८६८ साली कोर्टाने दावा फेटाळला. स्त्रियांना मत द्यायचेच असते तर पार्लमेंटने तसे उघड म्हटले असते, असा न्यायाधीशांचा सूर होता. म्हणजे कराच्या कलमात 'ही' असला तर विधवेच्या दारात वसुलीवाला हजर, आणि मताच्या कलमात 'मॅन' आला की ती त्यातून वजा!

राज्य इंग्रजांचे, कायदे इंग्रजीत. तेव्हा हा घोळ आपल्याकडेही आला. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये पुल्लिंगाचे तेच कलम आहे. तरीही कायद्याची पदवी घेतलेल्या रेजिना गुहा यांनी वकिलीसाठी अर्ज केला, तो कलकत्ता हायकोर्टाने १९१६ साली नाकारला. इथे तर 'पर्सन' या शब्दातही बाई बसली नाही. (मिल यांची दुरुस्ती मंजूर झाली असती तरी काय झाले असते, कोण जाणे.) अखेर १९२३ साली वेगळा कायदा करून ही आडकाठी काढावी लागली.

मग सगळा दोष भाषेचा का? तसे आम्हाला म्हणवत नाही. फारसीत तो आणि ती यांना सर्वनाम एकच. म्हणून इराणातल्या बाईला हक्क आयते मिळाले नाहीत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी उर्दू किंवा दखनी बोलतात. तिथेही 'वो' दोघांना चालते, पण मुलीने पुढे शिकायचे की नाही हे कोण ठरवणार, ते काही त्या 'वो'वरून ठरत नाही. मात्र इंग्रजीतल्या या दुहेरी शब्दाने न्यायाधीशांची मोठी सोय केली. बाईला वगळले, असे कायद्यात कुणाला लिहावेच लागले नाही.

आपल्या संविधानाच्या इंग्रजी प्रतीत राष्ट्रपतीसाठी 'ही'च वापरला आहे. त्यातले अक्षरही न बदलता २००७ साली प्रतिभा पाटील आणि २०२२ साली द्रौपदी मुर्मू त्या पदावर निवडून आल्या. २००७ साली आपल्याकडे चर्चा रंगली ती मात्र 'राष्ट्रपती'तल्या 'पती'ची.