ठेवी परत करून निघणे

उन्हाळा सरू लागला की आपल्या गावांतून माणसे शहराकडे निघतात. कोणी पुण्याच्या महाविद्यालयात प्रवेश घेतलेला असतो, कोणाला मुंबईहून नोकरीचे पत्र आलेले असते, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी सारे बिऱ्हाड हलवीत असतो. खोली शोधणे, अनामत रकमेची जुळवाजुळव, शाळा सोडल्याचे दाखले, सामानाचा टेम्पो यांत महिना कसा जातो ते कळत नाही. अशा वेळी घरातील एखादे वडीलधारे माणूस म्हणते, ‘अल्लाह आहे ना, एवढी कशाला चिंता?’ आणि निघणाऱ्याच्या मनात शंका येते की, इतकी आखणी करणे म्हणजे आपल्या तवक्कुलमध्ये, ईश्वरावरील भरवशात, काही उणीव तर नाही?

वाचकहो, या शंकेचे उत्तर अवघड नाही. हजरत इब्ने अब्बास (रजि.) सांगतात की, यमनचे काही लोक हजसाठी शिदोरी न घेता निघत, आपण अल्लाहवर विसंबणारे आहोत असे म्हणत आणि मक्केत पोहोचल्यावर लोकांपुढे हात पसरीत. याच संदर्भात सूरह बकरामधील १९७ व्या आयतीत प्रवासाची शिदोरी बरोबर घेण्याची आज्ञा आली आणि तकवा ही सर्वोत्तम शिदोरी असल्याचे सांगितले गेले. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असे विचारणाऱ्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी बांधण्यास व मग भरवसा ठेवण्यास सांगितले, ही हदीस तर सर्वांना ठाऊक आहे. इस्तिखाऱ्याबद्दलही येथेच एक शब्द सांगतो. दोन रकात नफल नमाज आणि त्यानंतरची दुआ एवढेच हदीसमध्ये आले आहे. स्वप्न पडेपर्यंत भाडेकरार लांबणीवर टाकावा, असे त्यात कोठेही नाही.

आपणास खरोखर थांबून विचार करावयास लावणारा प्रश्न निराळाच आहे, आणि तो हिजरतीच्या तयारीतच दडलेला आहे. सन ६२२ मधील ते स्थलांतर आपण बहुधा गुहेच्या प्रसंगापासून सांगू लागतो. तयारी मात्र पुष्कळ आधी सुरू झाली होती. सन ६२१ मध्ये अकबा येथे यसरिबच्या बारा जणांनी प्रतिज्ञा केली. त्यानंतर हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) यांना शिक्षक म्हणून तेथे पाठविण्यात आले. जेथे जावयाचे तेथील माणसे आधी जोडली गेली. पुढील वर्षी ७३ पुरुष आणि दोन स्त्रियांनी दुसरी प्रतिज्ञा केली, तेव्हा सहाबा लहान लहान गटांनी मक्का सोडू लागले. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी दोन उंटिणी चार महिने घरी पाला खाऊ घालून प्रवासासाठी तयार केल्या. निघण्याची वेळ आली आणि त्यांनी त्यांपैकी एक प्रेषितांना (स.) देऊ केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती किंमत देऊनच घेतली. जिवलग मित्राचे औदार्य आणि प्रसंग प्राणावरचा, तरी व्यवहार मोकळा सोडला नाही. मदीना उत्तरेस आणि सौर गुहा मक्केच्या दक्षिणेस. शोध घेणारे उत्तरेकडे धावणार हे जाणून पहिली पावले उलट दिशेने पडली. तीन रात्री गुहेत मुक्काम झाला. अब्दुल्लाह बिन अबू बक्र (रजि.) रात्री शहरातील बातम्या आणीत आणि आमिर बिन फुहैरा (रजि.) शेळ्या-मेंढ्या तिकडे हाकून दूध पोहोचवीत.

इतक्या काटेकोर योजनेत एक गोष्ट मात्र नफ्या-तोट्याच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही. मक्केतील लोक आपल्या मौल्यवान वस्तू प्रेषितांकडे (स.) ठेव म्हणून ठेवीत. ज्यांनी त्यांचा संदेश नाकारला होता, तेही ठेवीत. प्रत्येक घराण्यातून एक तरुण निवडून एकाच वेळी वार करावयाचा, असा कट ज्या रात्री तडीस जाणार होता, त्या रात्री हजरत अली (रजि.) प्रेषितांच्या (स.) अंथरुणावर झोपले. त्यांच्यावर सोपविलेले दुसरे काम होते त्या ठेवी मालकांना परत करण्याचे. त्यासाठी ते तीन दिवस मक्केत राहिले आणि मगच निघून कुबा येथे येऊन मिळाले. एका शूर तरुणास तीन दिवस शत्रूंच्या शहरात मागे ठेवणे, ही त्या ठेवींची किंमत होती.

आता आपण स्वतःला विचारून पाहा. त्या ठेवी बरोबर नेल्या असत्या तर कोणते कारण पुढे करता आले असते? उत्तम कारण उपलब्ध होते. कुरैशांनी मुस्लिमांचा छळ केला होता. हजरत सुहैब (रजि.) यांना तर सारी संपत्ती सोडून दिल्यावरच मक्केबाहेर पाऊल टाकता आले. मुहाजिरांच्या मागे राहिलेल्या घरांवर इतरांनी हात मारला. ‘त्यांनी आमचे घेतले, म्हणून त्यांचे आमच्याकडे राहू द्या’ हा युक्तिवाद ऐकावयास किती न्याय्य वाटतो! आपल्या रोजच्या व्यवहारात तर आपण याहून पुष्कळ दुबळ्या कारणांवर असे करतो.

येथे फिक्हमधील एक चर्चा सांगणे भाग आहे, कारण प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. ज्याच्याकडे आपले निश्चित येणे आहे आणि जो ते देत नाही, त्याचा माल हाती आल्यास आपला हक्क त्यातून घ्यावा काय? धर्मशास्त्रज्ञ यास ‘मसअला-ए-जफर’ म्हणतात. हिंद बिन्ते उत्बा (रजि.) यांनी आपले पती पुरेसा खर्च देत नसल्याची तक्रार केली, तेव्हा स्वतःला व मुलांना पुरेल इतके रीतीनुसार घेण्याची अनुमती त्यांना मिळाली. या हदीसच्या आधारे अनेक इमामांनी काही अटींवर असे घेण्यास वाव दिला आहे. हनफी मतात अटी अधिक कडक आहेत, शाफई मतात थोड्या सैल. दुसरीकडे, ज्याने आपला विश्वासघात केला त्याचाही विश्वासघात करू नये, या आशयाची हदीस आहे, म्हणून ठेव म्हणून आलेल्या वस्तूतून कापून घेण्याबाबत अनेकांनी हात आखडता घेतला आहे. मतभेद आहेत आणि ते आदरणीय आहेत. परंतु वाव देणाऱ्यांनीही दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: हक्क निश्चित असला पाहिजे आणि तो त्याच माणसाकडे असला पाहिजे. एकाने केलेल्या अन्यायाची वसुली दुसऱ्याच्या ठेवीतून करण्यास कोणत्याही इमामाने वाट दिलेली नाही. मक्केत छळ करणारे ‘कुरैश’ होते, ठेवणारेही ‘कुरैश’ होते. मात्र ठेव कुरैशांची नव्हती, ती अमुक एका माणसाची होती. माझ्या मते हजरत अलींच्या (रजि.) त्या तीन दिवसांचा सारा अर्थ या भेदात आहे.

हा भेद आपल्या सामानाच्या बांधाबांधीत नेमका कोठे येतो ते पाहू. घरमालक अनामत रक्कम बुडवितात असे आपण ऐकलेले असते, म्हणून खोली सोडताना वीजबिल न भरताच निघतो. या घरमालकाने अद्याप काहीही बुडविलेले नाही, तरी शिक्षा त्याला. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार जादा भाव लावतो अशी आपली समजूत असते, म्हणून त्याच्या वहीतील उधारी निघण्याच्या गडबडीत ‘विसरली’ जाते. भिशीचा आपला नंबर येऊन गेलेला असतो आणि उरलेले हप्ते शहरातून पाठवू म्हणतो. कर्ज मागे ठेवून गेलेल्याच्या जनाज्याची नमाज पढविण्यापूर्वी प्रेषित (स.) थांबले आणि हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज अंगावर घेतल्यावरच पुढे झाले. गाव सोडणारा मनुष्य परत येऊ शकतो एवढाच काय तो फरक, आणि कित्येक जण परत येत नाहीत.

सर्वांत मोठी ठेव मात्र दुकानाच्या वहीत नसते, ती सातबाऱ्यावर असते. शहरात सदनिका घ्यावयाची म्हणून वडिलार्जित जमीन अथवा घर विकण्याचे ठरते. भाऊ आपसांत बसतात, बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करण्यास बोलावले जाते, आणि माहेर तुटेल या भीतीने त्या सही करतात. कागद कायदेशीर होतो. सूरह निसाच्या सातव्या आयतीने संपत्ती थोडी असो वा पुष्कळ, स्त्रियांचा वाटा ठरवून दिला आहे. भीतीपोटी केलेली सही म्हणजे मनापासूनची देणगी नव्हे, हे सही घेणारा भाऊही जाणतो. ज्या घरात उद्या कुरआनचे पठण होणार आहे त्याच्या विटा बहिणीच्या वाट्यातून आलेल्या असतील, तर नव्या शहरात कोणत्या दिशेने तोंड करून बरकत मागावी? तिचा वाटा आधी तिच्या हाती द्या. त्यानंतर ती स्वखुशीने परत देत असेल तर ती गोष्ट वेगळी.

आई-वडिलांचा हिशेब पैशांत मांडता येत नाही, पण तोही निघण्यापूर्वीचाच आहे. हिजरतीची प्रतिज्ञा करण्यासाठी आई-वडिलांना रडत सोडून आलेल्या एका मनुष्यास प्रेषितांनी (स.) परत पाठविले आणि जसे रडविले तसे त्यांना हसविण्यास सांगितले. तो तर हिजरतीसाठी आला होता, आपण पगारासाठी निघतो. याचा अर्थ कोणी जाऊच नये असा मी काढीत नाही. औषधे कोण आणील, रात्री-अपरात्री कोणाला हाक मारावयाची, हे ठरवून व त्यांचे मन राखून निघावे, इतका तर नक्कीच निघतो.

आता पोहोचण्याविषयी. शहरात खोली शोधणाऱ्या आपल्या मुलांना एक कटू अनुभव येतो. नाव ऐकताच पलीकडून सांगितले जाते की, जागा नुकतीच गेली. हा अन्याय आहे आणि त्यास अन्यायच म्हटले पाहिजे. पण त्यानंतर दोन वाटा फुटतात. एक वाट मित्राच्या नावाने करार करण्याची, चौघे राहून दोघेच सांगण्याची. येथेही तोच घोटाळा होतो. दार बंद करणारा एक असतो आणि खोटे ज्याच्या पदरी पडते तो दुसरा, ज्याने किल्ली हाती दिलेली असते. हिजरतीचा वाटाड्या अब्दुल्लाह बिन उरैकित त्या वेळी कुरैशांच्याच धर्मावर होता. शंभर उंटांचे बक्षीस जाहीर झालेले असताना त्याने ठरल्या दिवशी उंटिणी गुहेपाशी आणल्या आणि अपरिचित वाटेने प्रवास घडविला. ज्यांच्यापासून दूर जावयाचे होते त्यांच्यातीलच तो एक, पण निवड ‘त्यांची’ झाली नव्हती, त्या एका माणसाची झाली होती. खरे नाव सांगून दहा दारे फिरणे कष्टाचे आहे, हे मी जाणतो. अकराव्या दाराशी उभा असलेला माणूस त्या दहांच्या पापाचा वारस नाही, हेही तितकेच खरे.

मदीनेत पोहोचल्यावर मशिदीसाठी जी जागा निवडली गेली, ती सहल व सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. तेथे खजूर वाळत घातले जात. मुले ती जागा विनामूल्य देण्यास तयार होती. प्रेषितांनी (स.) ती दान म्हणून घेण्यास नकार दिला. त्यांच्याकडून ती विकत घेतली आणि मग तेथे मशीद उभी राहिली.