औषध बदलताना इच्छा कोणाची?

द्विध्रुवी विकारातील तीव्र नैराश्यात औषध बदलताना वैद्यकीय प्रश्नाच्या जोडीला एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो. ‘आता काहीच नको’ म्हणणाऱ्या रुग्णाची इच्छा खरी मानायची, की तोच माणूस बरा असतानाची? गीतेतल्या अर्जुनाचा विषाद संवादाने निवळला. हे नैराश्य केवळ युक्तिवादाने हटत नाही; त्याला श्रद्धेची उणीव म्हणणे हा रुग्णावर अन्याय आहे.

उपचारही सरळ नसतो. नुसत्या नैराश्यविरोधी गोळीने उन्माद उफाळू शकतो. लिथियमचे रक्तातील प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते. गंभीर पुरळाच्या धोक्यामुळे लॅमोट्रिजिनचा डोस तर आठवड्यांच्या अंतराने, हळूहळूच वाढवतात.

इच्छेच्या प्रश्नाबाबत भारतातला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा प्रत्येक रुग्ण निर्णयक्षम आहे असे गृहीत धरतो. निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून ती क्षमता नाकारता येत नाही. बरे असताना उपचारांविषयी आगाऊ सूचना लिहून प्रतिनिधी नेमता येतो. क्षमता हरपल्यावरच ती सूचना अमलात येते आणि क्षमता पुन्हा लाभेपर्यंत टिकते. तातडीच्या उपचाराला मात्र ती लागू होत नाही.