लंडनचा कंडक्टर, पुण्याचा डॉक्टर

लंडनच्या दुमजली बसवर ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच पाळीत, एकाच धुरात आणि एकाच गर्दीत काम करत. ड्रायव्हर जवळजवळ सगळी पाळी बसून काढी. कंडक्टर मात्र तिकिटे देत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. जेरी मॉरिस या डॉक्टरने दोघांच्या आजारपणाच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. झालाच तर उशिरा आणि सौम्य. टपाल खात्यातही तेच दिसले. पत्रे वाटत फिरणारे पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते.

मुळात लठ्ठ माणसेच ड्रायव्हर होत असतील, ही शंका रास्त होती. मॉरिस यांनी मग गणवेशांची मापे मिळवली. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या. पण बारीक कमरेच्या ड्रायव्हरांमध्येही हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण बारीक कंडक्टरांपेक्षा जास्त होते.

मराठी वाचकाने ही शेवटची गोष्ट विशेष मनावर घ्यायला हवी, कारण आपल्याकडे बारीक अंगावर फार भरवसा असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले. उंची आणि वजनावरून काढलेला बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी प्रमाणात. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचा अभ्यास करतानाही याज्ञिकांना हेच आढळले होते: वजन कमी, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. जन्मापासूनची ही ठेवण वजनकाट्यावर दिसत नाही.

म्हणून आपल्यासाठी वजनापेक्षा स्नायूंचा प्रश्न मोठा आहे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. ते हालचालीत असले तर इन्सुलिनची फारशी वाट न पाहताही साखर आत घेतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे केलेली शतपावली साखरेची उसळी कमी करते ती यामुळेच. ताटात डाळ, उसळ, दही, अंडी यांचा वाटा भात-पोळीच्या तुलनेत वाढला, तर स्नायूंना लागणारी प्रथिनेही मिळतात.

व्यायामशाळेचे मोल कमी नाही. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायाम, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पाळायलाच हवा. पण सकाळी तासभर घाम गाळून पुढचे दहा तास खुर्चीत घालवणाऱ्याने ते दहा तासही हिशेबात धरावेत. कंडक्टर व्यायाम म्हणून काही करत नव्हता. त्याच्या कामातच जिना होता.

जिना कामातून गेला तो एकेका माणसाच्या आळसामुळे नव्हे. गावातली शाळा, बाजार, कचेरी चालत गाठण्याजोगी होती. शहर पसरले तसे अंतर वाढले आणि पदपथावर दुचाक्या चढल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या माणसांना केवळ निर्धार वाढवा असे सांगणे अपुरे आहे आणि अन्यायाचेही आहे.

पुण्यात एक दिवस लक्ष्मी रस्त्यावर वाहने थांबवून पादचारी दिन साजरा झाला, तेव्हा एरवी गाड्यांतून वाट काढणारे लोक रस्त्याच्या मधोमध निवांत चालले. ही सोय वर्षभर हवी: सलग आणि मोकळे पदपथ, ज्येष्ठांना ओलांडता येतील असे चौक, बसथांब्यापर्यंत सावली. सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय निघतो, तेव्हाच जिन्यातल्या दिव्यांचा आणि तिथे रचलेल्या अडगळीचाही निघावा. कचेऱ्यांनी जिना मागच्या दाराशी न लपवता प्रवेशाशीच ठेवावा. आरोग्यावरचा खर्च मांडताना पालिकांनी पदपथांचा खर्चही त्याच रकान्यात धरावा.