आपल्या माणसाची गोळी

सरळ सवाल. खून आपल्या बाजूच्या माणसानं केला, तर तो सांगायचा की झाकायचा?

श्रीलंकेतल्या जाफन्यात राजनी तिरणगम नावाची तमिळ डॉक्टर होती. विद्यापीठात शरीरशास्त्र शिकवायची. आधी तिनं तमिळ वाघांच्या जखमा बांधल्या, त्यांच्यात सामीलही झाली. मग बाहेर पडली. १९८८ साली सहकारी प्राध्यापकांबरोबर मानवी हक्कांची संघटना उभी केली. श्रीलंकेचं लष्कर, भारताची शांतिसेना, वाघ. तिघांचे अत्याचार एकाच मापानं मोजले. २१ सप्टेंबर १९८९ ला सायकलवरून घरी जाताना तिला गोळ्या घातल्या. वय ३५. मारेकरी वाघांचेच, असं तिचे सहकारी सांगत आले.

तिथल्या राज्यघटनेत बुद्धधम्माला अग्रस्थान आहे. त्याच राज्यात १९८३ साली तमिळांची कत्तल झाली. आपण बौद्ध, म्हणून तीही झाकायची?

'दुश्मनाला आयतंच सापडेल,' असं आपण म्हणतो. मीही म्हणालो. आमच्यातल्या एका कार्यकर्त्यानं बायकोला मारलं. चळवळ बदनाम होईल म्हणून मी गप्प बसलो. ती बाईही चळवळीतलीच, हे सोयीनं विसरलो.

जखम बांधताना ती कुणाची, हे डॉक्टर बघत नाही. ती कुणी केली हे सांगतानाही राजनीनं बाजू बघितली नाही. आपली चूक बोलल्यानं सवर्णांचा अत्याचार लहान होत नाही. झाकल्यानं मात्र आपल्याच बाईचा मार बिनहिशेबी राहतो.

त्या बाईकडे मी अजून गेलो नाही. जायला पाहिजे.