उसना जोर

1669 साली चीनच्या सम्राटाने आपल्याच कारभाऱ्याला कुस्तीगीर पोरांकरवी पकडले. सम्राट कांगशी तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा. ओबोई हा त्याच्या नावाने राज्य हाकणारा मांचू सरदार, कैक लढाया पाहिलेला, आडदांड. कांगशीने मांचू पोरे राजवाड्यात जमवली, त्यांच्या कुस्त्या लावल्या, आणि ओबोईने समजूत करून घेतली की पोरगा खेळात रमला आहे. मग एके दिवशी तो आत आला आणि ती पोरे त्याच्यावर तुटून पडली. डावाने शक्तीला हरवले, असे सांगत ही कथा फिरते. मला ते पटत नाही; एकावर अनेक पडले तर त्याला डाव म्हणत नाहीत. तिच्यातून घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. ओबोईचा जोर त्या दिवशी कुठे गेला नव्हता, तो लावायला त्याला सवड मिळाली नाही.

चिनी कुस्तीत, म्हणजे श्वाय-ज्यावमध्ये, जोर मोठा की डाव मोठा हा वाद फार जुना आहे, आणि दोन्ही बाजूंच्या म्हणी तयार आहेत. एक म्हण सांगते, एकटा जोर दहा कसबांना नमवतो. दुसरी सांगते, चार लियांग जोराने हजार जिनांचे ओझे हलते. लियांग हे आपल्या तीनचार तोळ्यांच्या घरातले वजन आणि हजार जिन म्हणजे जवळजवळ अर्धा टन. या दोन म्हणी एकमेकींच्या विरोधात उभ्या करण्याची पद्धत आहे. पण कुस्तीच्या नेमक्या कोणत्या घटकेबद्दल त्या बोलतात हे पाहिले, तर भांडण बरेच निवळते. त्यासाठी आधी या कुस्तीचे नियम समजून घेतले पाहिजेत, कारण जोराला किती किंमत द्यायची हे शेवटी नियमच ठरवतात.

आपल्या मातीतल्या कुस्तीत समोरच्याची पाठ जमिनीला लावावी लागते. तो पालथा पडून राहिला, मान आवळून बसला, तर त्याला उलटा करायला मिनिटेच्या मिनिटे जातात, आणि तिथे खुराक बोलतो, वजन बोलते. श्वाय-ज्यावमध्ये हा भागच नाही. पावलांखेरीज शरीराचा कोणताही भाग जमिनीला लागला, गुडघा असो की हाताचा तळवा, की पडला. जमिनीवरची झोंबाझोंबी नाही, वर बसून दाबणे नाही. पाडणारा उभा राहिला तर गुण जास्त, तोही बरोबर कोसळला तर कमी. म्हणजे आडदांड माणसाच्या हातातले एक मोठे हत्यार, नुसते अंगाचे ओझे टाकून समोरच्याला दमवणे, सुरुवातीलाच काढून घेतलेले आहे. या कुस्तीला डावाची कुस्ती म्हणतात त्यामागचे एक कारण हे.

अंगातला कपडा मात्र उलट दिशेने ओढतो. चिनी कुस्तीगीर जाड सुती कापडाचे थरावर थर ठेवून घट्ट शिवलेला, आखूड बाह्यांचा अंगरखा घालतो आणि कमरेला पट्टा बांधतो. अस्तन, छातीवरची कड, पाठीमागचा पट्टा, या पकडीच्या जागा. घामाने निसटणारे उघडे अंग आणि हा अंगरखा यांत फरक असा की इथे पकड बसली की बसली. म्हणून कुस्तीचा पहिला भाग असतो पकडीसाठीची खडाखडी: आपली पकड बसवायची, त्याची झटकून तोडायची. प्रेक्षकाला हा भाग कंटाळवाणा वाटतो. पण पुढचे सगळे इथे ठरते, आणि इथे राज्य चालते ते बोटांचे, मनगटाचे आणि पुढच्या हाताचे. ज्याची पकड तुटते त्याला डाव कितीही येत असोत, ते त्याच्या डोक्यातच राहतात. पहिली म्हण या घटकेबद्दल खरी आहे.

जुन्या तालमींची साधने पाहिली तर वस्तादांना हे पक्के ठाऊक होते असे दिसते. मातीचे रांजण तोंडाला धरून नुसत्या बोटांच्या पकडीत उचलायचे, त्यात हळूहळू भर घालत जायचे. हातात विटा धरून हात ढकलायचे, वळवायचे. दगडी कुलूप तर आपल्या तालमीतल्या नालेचे सख्खे भावंड: मूठ बसेल असे कोरलेले जड दगड, ते उचलायचे, फेकायचे, झेलायचे. ही सगळी सरळ जोराची कामे आहेत, त्यात मृदू तत्त्वज्ञान काही नाही.

आता दुसरी म्हण. पकड बसल्यावर समोरच्याला पाडायचे कसे? घरातला गॅसचा भरलेला सिलिंडर आठवा. तो उभा उचलायला गडी लागतो. पण एका कडेवर कलता केला की आजीसुद्धा तो गोल फिरवत स्वयंपाकघरापर्यंत नेते. मात्र कलता करण्यापुरता जोर आजीलाही लावावाच लागतो. कुस्तीतही खर्च आहे तो तोल मोडण्याचा. माणूस एकदा कलला की त्याला पाडायला फारसे काही लागत नाही. दोन पावलांना जोडणारी रेषा मनात काढली तर त्या रेषेच्या दिशेने माणूस भक्कम असतो; तिला काटकोनात, पुढे किंवा मागे, त्याला आधार असतो तो जेमतेम पावलाच्या लांबीएवढा. डाव म्हणजे ही कमकुवत बाजू शोधून तिथे कमीत कमी खर्चात कलवणे. खर्च कमी होतो. शून्य कधीच होत नाही.

मग तो भरायचा कोणी? इथे या विद्येतली सगळ्यात सुंदर कल्पना येते: तो समोरच्याने भरावा. तो ढकलतो तेव्हा त्याचे वजन पुढे आलेलेच असते, आपण थोडे बाजूला होऊन त्याच दिशेने ओढायचे. तो मागे ओढतो तेव्हा त्याच्यामागे जायचे. पाऊल झाडण्याचा डाव बघा. समोरचा पाऊल टाकतो, वजन अजून त्या पावलावर पुरते बसायचे असते, तेवढ्यात घोट्यापाशी आपल्या पायाने झाडायचे आणि हातांनी अंगरखा उलट दिशेला पिळायचा. क्षणभर आधी झाडले तर तो पाय उचलून घेतो, क्षणभर उशिरा झाडले तर खांबाला लाथ मारल्यासारखे होते. नेमक्या वेळी झाडले तर लागणारा जोर खरोखर चार लियांगांचा वाटतो.

ही कल्पना ऐकणाऱ्याला इतकी आवडते की तिच्यातली अट तो विसरतो. उसना जोर मिळायला समोरच्याने तो द्यावा लागतो. अंगाने दुप्पट, पण शहाणा असा गडी कमरेत बसून, पावले रुंद टाकून, हात आखूड ठेवून नुसता उभा राहिला, ढकलेना की ओढेना, तर लहान गड्याने काय करायचे? दुसऱ्याच्या जोरावर जगणाऱ्या विद्येची ही खरी अडचण आहे, आणि तिच्याबद्दल मृदुतेचे भक्त फारसे बोलत नाहीत.

चिनी कुस्तीगिरांकडे तिचे उत्तर आहे, तेही एका म्हणीत दडलेले: मोठे पेच छत्तीस, बारके पेच बैलाच्या अंगावरच्या केसांइतके. पूर्वी मला ही नुसती बढाई वाटे. पण बारके पेच कशासाठी असतात ते पाहा. नडगीला हलकी टोचणी, टाचेला ओझरता आकडा, अस्तनीला एक झटका. यांतल्या बहुतेकांनी कोणी पडत नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. समोरच्याने काहीतरी करावे, पाय उचलावा, चिडून रेटावे, एवढ्यासाठी ते असतात. तो प्रतिसाद हेच कर्ज. ते हाती आले की छत्तिसांपैकी एक बाहेर काढायचा. आणि ही टोचणी चालू ठेवायला दम लागतो, हातापायांची चपळाई लागते. चपळाई म्हणजे तरी काय, स्वतःचे अंग इकडून तिकडे क्षणात फेकण्याची ताकद. इतका वेळ डावाच्या खात्यावर मांडलेल्या वेगाचे भांडवल मांड्यांत आणि कमरेत असते.

हपे प्रांतातल्या बाओडिंग गावची कुस्ती ‘जलद कुस्ती’ म्हणून नावाजलेली आहे. समोरच्याची पकड झटक्यात तोडायची आणि त्याच झटक्यात आत शिरायचे, ही तिची रीत. या घराण्याचा सर्वांत गाजलेला मल्ल छांग दोंगशंग, हुई मुसलमान, जन्म 1908, टोपणनाव ‘रंगीत फुलपाखरू’. 1933 साली नानजिंगच्या राष्ट्रीय युद्धकला परीक्षेत त्याने मैदान मारले, पुढे तैवानला जाऊन पोलिसांच्या महाविद्यालयात शिकवले, आणि 1986 साली तो वारला. म्हातारपणीही तो तरण्या पोरांना आपटत असे, हे जोराशिवायच्या डावाचे प्रमाण म्हणून दाखवले जाते. माझी हरकत एवढीच की त्या म्हाताऱ्याच्या बोटांत पन्नास वर्षांची पकड होती. ती सोडून बाकीचे मोजणे हा हिशेब अर्धा झाला. त्याच काळात त्सांगझोऊचा वांग झीपिंग, तोही हुई, दगडी कुलपे उचलण्याबद्दल ‘हजार जिनांचा राजा’ म्हणून ओळखला जात होता. नानजिंगच्या केंद्रीय युद्धकला संस्थेशी दोघांचाही संबंध आला. फुलपाखरू आणि पहाड एकाच छपराखाली मानाने राहिले, याचे तिथे कोणालाच नवल वाटले नसावे.

खरे सांगायचे तर जोर आणि डाव वेगळे करून शिकवावेत असे या विद्येला वाटतच नव्हते. लांब कातडी पट्टा दोन्ही हातांत धरून वळायचे आणि तो फटकन झटकायचा, हा एक व्यायाम. अंग वळते कसे? खांद्यावरून फेकण्याच्या डावात वळते तसेच. मान आधी झटक्यात फिरते, मग खांदा, मग कंबर. या मान फिरवण्याला ते ‘तोंड बदलणे’ म्हणतात. वजन उचलून कमावलेला दंड नंतर डावात बसवावा लागतो. पट्टा झटकून कमावलेला जोर डावाच्याच आकारात तयार होतो, म्हणून त्याला वेगळे बसवणे लागत नाही. उलट टोकाचा प्रयोगही चीनने करून पाहिला. 1910च्या दशकात मा लियांग या लष्करी अधिकाऱ्याने कुस्तीचे डाव आकड्यांच्या हुकमावर, कवायतीसारखे, शिपायांच्या रांगांना शिकवायची पुस्तके काढली. शिस्त उत्तम. पण विरोधच न करणाऱ्या जोडीदारावर पाठ केलेल्या डावाची जोराशी गाठ पडलेलीच नसते.

मग डाव म्हणजेच सर्वस्व ही समजूत इतकी पसरली कशी? मला एक कारण बाजारात दिसते. कांगशीच्याच छिंग घराण्याच्या पदरी शान-पू-यिंग नावाचे कुस्तीगिरांचे पथक होते, दर्जाप्रमाणे वेतन घेणारे. मंगोल मल्लांशी त्यांच्या कुस्त्या होत, आणि तिथे सम्राटाला पाहिजे होता निकाल. 1911च्या क्रांतीत साम्राज्य गेले, पथक मोडले, आणि ती विद्या पेइचिंगच्या तियानछ्याओ बाजारात उतरली, जिथे कुस्ती बघून लोक नाणी फेकत. रेटारेटी बघायला कोण पैसे देणार? लोकांना हवा होता हवेत फिरणारा देखणा डाव, मधूनमधून विनोद, आणि मोठ्याला पाडणारा लहान. बाजाराने जे मागितले तेच पुढे कथांत टिकले. पण त्याच बाजारातला नामांकित मल्ल बाओ सान कुस्तीइतकाच ओळखला जाई तो माणसाच्या कित्येक पट उंच बांबूचा निशाणस्तंभ कपाळावर, कोपरावर तोलण्यासाठी. तो खेळ बघताना याला जोर म्हणावे की तोल, हे सांगणे कठीण.

दोघांनाही डाव सारखेच येत असतील तर जड गडी जिंकतो. हे कोणत्याही वस्तादाला विचारावे लागत नाही. नव्या स्पर्धांनी वजनगट केले ते त्यासाठीच. बारक्याने पहिलवानाला आपटल्याच्या बहुतेक हकिकतींत पहिलवान शिकलेला नसतो, निदान अंगरख्याच्या पकडीला सरावलेला नसतो.

मंगोल कुस्तीत मात्र वजनगट नाहीत, आणि जुन्या रिवाजात वेळेचे बंधनही नाही. तिथे मोठा गडी थांबू शकतो; त्याला जोर उसना देण्याची घाई नसते, म्हणून तिथले बहुतेक विजेते देहाने प्रचंड असतात. चिनी पद्धतीच्या स्पर्धेत फेरी दोनतीन मिनिटांची, आणि जो नुसता उभा राहील त्याला पंच ताकीद देतो, तरीही हलला नाही तर समोरच्याला गुण मिळतो. थोडक्यात, मोठ्याने हात ढिला करून काहीतरी द्यावेच, अशी सोय नियमाने लावली आहे. चार लियांगांच्या त्या डावात पंचाच्या शिट्टीचा वाटा किती, हे मोजायला अजून कोणी बसलेले नाही.