ग्रामसभेत उभं राहण्याआधी

विठ्ठला, मायबापा, उद्या १५ ऑगस्ट. झेंडावंदन झालं की समाजमंदिरात ग्रामसभा भरेल आणि सरपंच म्हणून मला गावापुढे बोलायचं आहे. समोर सासरे असतील, थोरले दीर असतील, मुलांचे गुरुजी असतील. ज्यांच्यापुढे आजवर पदर सावरून खाली मानेनं चहा ठेवला, त्यांच्याकडे बघून गावाचा जमाखर्च मांडायचा आहे. त्यासाठी तुझ्याकडे बळ मागते.

हे पद एकटीच्या कर्तृत्वानं मिळालेलं नाही, याची जाणीव मला राहू दे. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखल्या गेल्या. २०११ साली महाराष्ट्रानं ते आरक्षण ५० टक्क्यांवर नेलं. त्याच्याही कितीतरी आधी, १८८२ साली, पुण्यात इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली. बायकांना शिकवायला शिक्षिका हव्यात, तपासायला स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी मराठीतून ठासून सांगितलं. साहेबापुढे त्यांना मराठी पुरली. आपल्याच माणसांपुढे मला माझी रोजची बोली पुरेल, असा विश्वास दे.

देवा, माइक हातात आला की छाती धडधडते, घशाला कोरड पडते आणि शब्द एकमेकांवर आदळायला लागतात. त्या वेळी दोन्ही पाय नीट टेकवून एक खोल श्वास घ्यायचं भान दे. पहिलं वाक्य सावकाश निघू दे. मुद्दा संपला की थांबता येऊ दे आणि त्या थांबण्याची भीती वाटू देऊ नको. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही ऐकू जाईल, एवढा आवाज लागू दे.

तयारीचा भार मात्र मी तुझ्यावर टाकत नाही. मागच्या सभेचं इतिवृत्त, वित्त आयोगाच्या निधीचा खर्च, नळयोजनेची बिलं आज रात्री पुन्हा वाचीन. तेव्हा कंटाळा येऊ देऊ नको. आकडा पक्का ठाऊक असला की आवाज कापत नाही, हे मी बघितलं आहे.

कुणी घरकुलाच्या यादीवरून चढ्या आवाजात विचारेल, "माझं नाव का नाही?" गळक्या छपराखाली पावसाळा काढणाऱ्याचा तो राग आहे, हे मला त्या क्षणी कळू दे. त्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायचा धीर दे. माहीत असेल तेवढंच सांगू दे, आणि नसेल तेव्हा "कागद बघून सांगते" म्हणायला लाज वाटू देऊ नको. माझ्याऐवजी घरचं कुणी उत्तर द्यायला उठलं, तर त्यांचा मान राखून "थांबा, मी सांगते" असं म्हणता येऊ दे.

आज महिला सभेत वाडीवरच्या बायांनी गाऱ्हाणं मांडलं. नळाला पाणी रात्री अकराला सुटतं. दिवसभर रानात राबून कुणी जागायचं? आज त्या घडाघडा बोलल्या, पण उद्या भिंतीला टेकून गप्प बसतील. त्यांचं म्हणणं माझ्या तोंडून जसंच्या तसं येऊ दे. त्याचा ठराव होऊ दे, तो इतिवृत्तात नीट लिहिला जाऊ दे. आणि त्यांच्यातली एखादी बोलायला उठलीच, तर माझं भाषण अर्धं सोडून माइक तिच्या हातात द्यायचं मन मला दे.

टाळ्या मिळोत न मिळोत, दिलेल्या शब्दाला जागायचं बळ दे. वाडीला दिवसा पाणी मिळेपर्यंत माझा पाठपुरावा सुटू देऊ नको. पांडुरंगा, एवढंच मागणं आहे.

रामकृष्ण हरी.